साखरेला मोकळीक मिळाली ती निम्मीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उसाचा हंगाम तोंडावर आला की एक प्रश्न हमखास ऐकू येतो: १९९१ ला बाजार मोकळा झाला, मग ऊसवाला अजून दरासाठी सरकारच्या दारात का? सांगली-साताऱ्याकडे बघून हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी एक गोष्ट तपासावी. साखरेचा बाजार मोकळा झाला होता, हे त्यांना कुणी सांगितले?

२४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांचा परवाना काढून टाकला. १८ उद्योग मात्र परवान्याखालीच राहिले आणि त्यांत साखर होती. म्हणजे सिमेंट, यंत्रे यांना जी मोकळीक एका दिवसात मिळाली, तिच्यासाठी साखरेला ऑगस्ट १९९८ पर्यंत थांबावे लागले. तेव्हाही सुटले ते फक्त कारखाना काढणे. दोन कारखान्यांत ठरावीक अंतर ठेवा, ही अट राहिली. केंद्राचे अंतर १५ किलोमीटर, आपल्या राज्याने ते २५ केले. लेव्ही, म्हणजे रेशनसाठी सरकारने पडत्या दराने उचलायची साखर, नव्वदच्या दशकात उत्पादनाच्या ४० टक्के होती. २००२ पर्यंत ती १० टक्क्यांवर आली आणि साखरेवरची नियंत्रणे तपासणाऱ्या रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर एप्रिल २०१३ मध्ये गेली. महिन्याला किती साखर विकायची हे ठरवणारा कोटाही त्याच वेळी गेला.

इथवर दिशा तरी एक होती. पाच वर्षांतच, जून २०१८ मध्ये, तो कोटा परत आला. सोबत साखरेचा किमान विक्री दर आला, २९ रुपये किलो. तोच फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ झाला. एका हाताने सोडायचे आणि दुसऱ्या हाताने धरायचे, अशी ही सुधारणा आहे.

आता आकड्यांकडे येतो, कारण यावर बोलणारे बहुतेक जण एफआरपी म्हणजे नेमके काय हे न पाहताच बोलतात. एफआरपी म्हणजे रास्त व किफायतशीर दर, कारखान्याने उसाला निदान एवढा द्यायचाच असा केंद्राने ठरवलेला दर. २००९ पर्यंत ‘एसएमपी’, म्हणजे वैधानिक किमान दर होता, त्या वर्षी ‘एफआरपी’ आला. तो उताऱ्यावर, म्हणजे उसातून शेकडा किती साखर निघते यावर ठरतो. २०२५-२६ साठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. ३५५ ला १०.२५ ने भागा, ३४.६३ येतात. म्हणजे उतारा साडेनऊ टक्के किंवा त्याच्या वर कितीही असो, त्या उसातून निघणाऱ्या प्रत्येक किलो साखरेमागे सुमारे ३४ रुपये ६३ पैसे उसाचेच. चुना, गंधक, पगार, व्याज, पोते हे सगळे त्याच्यावर. आणि हा दर एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला तेव्हा साखरेचा किमान विक्री दर ३१ च होता.

आपल्याकडच्या १२ टक्के उताऱ्याच्या कारखान्याचा हिशोब मांडून पाहा. २०१९-२० ला १० टक्क्याला २७५ रुपये होते, म्हणजे टनाला एफआरपी ३,३०० रुपये. टनातून १२० किलो साखर, ३१ रुपयांनी ३,७२० रुपये. वर ४२० रुपये राहत होते. २०२५-२६ ला त्याच टनाची एफआरपी ४,१५५ रुपये ५० पैसे, साखरेचे किमान दराने तेच ३,७२०. आता ४३५ रुपये खाली. मधल्या काळात ऊसदर सहा वेळा वाढला. तो वाढायलाच हवा होता. खत, मजुरी, वीज कुठे थांबली आहे? पण तराजूचे एक पारडे वाढवत न्यायचे आणि दुसरे खिळ्याने ठोकून ठेवायचे, याला कुणी धोरण म्हणत असेल तर म्हणो. बाजारात साखर ३१ च्या वर विकली जाते आणि बगॅस (उसाचा चोथा), मळीचेही पैसे येतात, म्हणून धुराडी पेटतात. पण बाजार पडला तर तो कुठे टेकणार, हे सांगणारा दर ३१ चाच. तो उसाच्या नुसत्या खर्चाच्याही खाली असला तर आधार कसला?

चौदा दिवसांत पैसे का मिळत नाहीत याचेही उत्तर इथेच आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्यात १४ दिवसांत पैसे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज असे स्पष्ट आहे. पण साखर तयार होते चार-पाच महिन्यांत आणि विकायची कोट्याप्रमाणे बारा महिन्यांत. कोट्याहून जास्त विकली तर पुढच्या कोट्यातून कापतात. मग गोदामातली पोती बँकेकडे तारण ठेवायची. बँक पोत्याचे मूल्यांकन करणार, त्यातला दुरावा, म्हणजे बँक कर्ज देत नाही तो हिस्सा, वजा करणार, मागच्या कर्जाचे हप्ते आधी वळते करणार आणि उरलेल्यातून उसाची उचल, म्हणजे शेतकऱ्याचा हप्ता. भाव पडला की मूल्यांकन पडते, मूल्यांकन पडले की उचल पडते. अशा वेळी ‘आमच्याकडे पैसे नाहीत’ म्हणणारा कारखाना दरवेळी खोटे बोलतो असे नाही. दरवेळी खरे बोलतो असेही नाही.

कारण दुसरी बाजू उताऱ्याची आहे. उतारा ०.१ टक्क्याने कमी दाखवला तर टनाला ३४ रुपये ६० पैसे जातात. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात ते ३ कोटी ४६ लाख होतात. बी-हेवी मळी, म्हणजे साखर पुरती न काढलेली मधल्या टप्प्यावरची मळी, इथेनॉलला काढली की साखर उतारा साधारण दीड टक्क्याने खाली येतो. ती घट उताऱ्यात परत मिळवूनच एफआरपी काढायची असते. मिळवली नाही तर टनाला ५१९ रुपये गेले. तोडणी-वाहतूक तर शेतकऱ्याच्याच दरातून वजा होते. वरच्या ४,१५५ मधून समजा ९०० रुपये गेले, तर हातात ३,२५५. दूरच्या गावचा ऊस आणला की सरासरी वाहतूक वाढते आणि तिचा भार शेजारच्या गावावरही पडतो. १९९८ नंतर कारखाने वाढले, गाळप क्षमता वाढली, पण ऊस त्या मानाने वाढला नाही. मग पळवापळवी सुरू होते आणि ट्रॅक्टर शंभर किलोमीटरवरून येतात. कारखाना काढायला मोकळीक आणि बाकी सगळीकडे लगाम, त्याचे हे फळ.

म्हणून बिल हातात आले की पहिल्या उचलीच्या आकड्यावर थांबू नये. तीन गोष्टी विचाराव्यात: उतारा कुठल्या हंगामाचा धरला, बी-हेवीची किंवा रसाची घट मिळवली का, तोडणी-वाहतूक टनाला किती लावली. राज्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये मागच्याऐवजी त्याच हंगामाचा उतारा धरून एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची सवलत दिली होती, ती उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केली. काट्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. थकबाकी असेल तर प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे लेखी अर्ज करताना तारीखवार टनेज आणि १५ टक्के व्याज दोन्ही मांडावे. नुसत्या मुद्दलाचा अर्ज केला की व्याजाचा विषय मागे पडू शकतो. साखर आयुक्तांनी महसुली वसुलीचा दाखला काढला तर जिल्हाधिकारी साखर जप्त करून विकू शकतात, पण तारण साखरेवर बँकेचा हात आधीच असतो. म्हणून दाखला निघाला तरी पैसे यायला वेळ लागतो.

आता जागतिकीकरण. २०२१-२२ ला भारताने अनुदानाशिवाय सुमारे ११० लाख टन साखर परदेशी पाठवली. दर चांगला होता, थकबाकी झपाट्याने उतरली. हंगाम संपायच्या आत, १ जून २०२२ पासून, निर्यात ‘प्रतिबंधित’ यादीत, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय नाही अशा यादीत गेली. २०२३-२४ ला निर्यात बंदच. जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांना परवानगी मिळाली. आयातीवर मात्र १०० टक्के शुल्क. बाहेरचा दर चढला तर दार बंद, उतरला तरी दार बंद. मग जगाच्या बाजाराशी आपला संबंध तो काय?

इथेनॉलचेही तसेच. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, उसाच्या रसापासून इथेनॉल बंद असा आदेश निघाला. आठवडाभरात तो सैल करून १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा घातली. या आदेशाने ज्या आडसाली उसाला गाठले तो जुलै २०२२ ला लावलेला होता. पंधरा-अठरा महिने शेतात उभे राहणारे पीक आणि आठवड्याला बदलणारे धोरण यांची गाठ पडली की मार कुणाला, ते सांगायला नको. कर्ज काढून आसवनी (डिस्टिलरी) उभारलेल्या कारखान्यांना आणखी एक अडचण आहे: बी-हेवी इथेनॉलचा दर ६० रुपये ७३ पैसे आणि रसाच्या इथेनॉलचा ६५ रुपये ६१ पैसे, दोन्ही २०२२-२३ पासून तिथेच. मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे. उसाच्या भागात बसून हा फरक गिळणे अवघड आहे.

आणि जागतिक व्यापार संघटना? भारत उसाला नियमापेक्षा जास्त सरकारी आधार देतो, अशी तक्रार ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला यांनी २०१९ ला केली. एफआरपी सरकार आपल्या खिशातून देत नाही, कारखाने देतात, असे आपले म्हणणे. डिसेंबर २०२१ चा निकाल विरोधात गेला. अपील केले आहे, पण अपील ऐकणारे मंडळच २०१९ पासून ठप्प आहे. तूर्त तेवढाच दिलासा.

ब्राझीलने १९९० ला आपली सरकारी साखर-अल्कोहोल संस्था बंद केली आणि दशकाच्या अखेरीपर्यंत दर मोकळे सोडले. साओ पाउलो राज्यात ऊसवाले आणि कारखानदारांनी मिळून सूत्र बसवले: उसातली साखर किलोत मोजायची आणि साखर-इथेनॉलला प्रत्यक्ष मिळालेल्या दराचा ठरलेला हिस्सा उसाला द्यायचा. आपल्याकडे रंगराजन समितीने जवळपास हेच सुचवले: साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नाच्या ७० टक्के किंवा नुसत्या साखरेच्या ७५ टक्के उसाला. महाराष्ट्राने २०१३ ला तसा कायदाही केला. मात्र कारखान्याचे साखर, मळी, बगॅस, वीज, इथेनॉल यांचे विक्री दर शेतकऱ्याला कळत नाहीत तोवर ७० टक्के कशाचे, हे ठरणार कसे?

एफआरपी काढून टाका, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. हमीचा दर नसता तर वाळव्या-कऱ्हाडच्या शेतकऱ्याला कारखान्यांनी कधीच खिशात घातले असते. मागणी साधी आहे. एफआरपी जाहीर होईल त्याच दिवशी त्याच सूत्राने साखरेचा किमान दर आणि इथेनॉलचे दर बदलावेत. निर्यातीचा कोटा हंगाम सुरू व्हायच्या आधी, निदान दोन हंगामांसाठी सांगावा, म्हणजे जुलैची लागण करणाऱ्याला पुढचे दिसेल. आणि प्रत्येक कारखान्याने दर महिन्याला सरासरी विक्री दर, उतारा आणि तोडणी-वाहतुकीचा आकडा गावच्या गट कार्यालयाच्या फळ्यावर लिहावा. यातल्या शेवटच्या कामाला दिल्लीची परवानगी लागत नाही.

आपला,
एक ऊस उत्पादक वाचक
ता. वाळवा, जि. सांगली