सुहासला पत्र: भिंतीवरच्या दिव्याचं नाव

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. जिन्यालगत भिंतीवर लावायच्या दिव्यांना दुकानदार ‘स्कॉन्स’ म्हणाला आणि हा शब्द आला कुठून, असं तू विचारलंस. मग मी त्याच्या मागेच लागलो.

मूळ लॅटिन. ‘अ‍ॅबस्कॉन्डेरे’ म्हणजे लपवणं. फरार आरोपीला इंग्रजीत ‘अ‍ॅबस्कॉन्डिंग’ म्हणतात ना, तेही यातूनच आलं. ‘अ‍ॅबस्कॉन्सा’ म्हणजे आडोसा केलेला कंदील. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘एस्कॉन्स’ झालं आणि इंग्रजीत येईपर्यंत सुरुवातीचा स्वरही गळाला. (डच ‘स्खान्स’वरून आलेला, तटबंदी या अर्थाचा स्कॉन्स निराळा.)

म्हणजे हा दिवा आधी भिंतीवर नव्हताच, हातात होता. मला सगळ्यात आवडलं ते फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठातलं. ११व्या शतकात तिथले साधू रात्री उठून प्रार्थनेला जमत. त्या काळोखात एक जण लाकडी अ‍ॅबस्कॉन्सा घेऊन त्यांच्या रांगांमधून फिरे. कोणी पेंगताना दिसला की कंदील त्याच्यासमोर ठेवायचा. जाग आली की त्यानं तो उचलायचा आणि पुढची फेरी स्वतः मारायची! इतकी समजूतदार शिस्त मी क्वचितच वाचली आहे.

पुढे हे नाव भिंतीवरच्या मेणबत्तीच्या बैठकीला मिळालं. १७व्या शतकात युरोपातल्या श्रीमंत घरांत तिला मागून पितळेची, चांदीची चकचकीत पाठ असे, कुठे आरसाही. मेणबत्त्या महाग, म्हणून आहे तो उजेड खोलीत परतवायचा. ज्योत झाकणाऱ्या वस्तूचं नाव उजेड वाढवणाऱ्या वस्तूला चिकटलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडे हेच काम देवळी करायची. तिथे भिंतच आडोसा होते. पणती आत, वारा बाहेर, आणि भिंतीच्या जाडीतच सगळं मावतं.

म्हणून एक आग्रह. तुझ्या जुन्या घरात जिन्याच्या वळणावर जी देवळी आहे, ती कंत्राटदाराला बुजवू देऊ नकोस. वायर आतून घे, वरच्या कडेला छोटा पिवळसर दिवा बसव, बल्ब समोरून दिसता कामा नये. बाकीच्या भिंतीवर खुशाल स्कॉन्स लाव, पण शेडवाले. चढताना डोळ्यांवर उजेड येणार नाही.

प्लास्टर सुरू व्हायच्या आत इलेक्ट्रिशियनशी बोल. काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश