पणनमंत्र्यांना खुलं पत्र: कपाटातलं यंत्र

मा. पणनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं मुऱ्हा म्हशी घ्यायला हरियाणात रोहतकला गेलो होतो. म्हैस पसंत पडली, भाव जुळेना. दलाल म्हणाला, एवढ्या लांबून आलात तर सांपल्याला जाऊन या, आमच्या शेतकरी नेत्याचा, छोटूरामांचा, 64 फुटी पुतळा बघा. आम्ही गेलो. (परत येईस्तोवर म्हशीचा भाव वर गेला होता, म्हणजे दलाल काही भक्तीपोटी पाठवत नव्हता.) तेव्हापासून या माणसाबद्दल जे मिळेल ते वाचत आलोय, आणि त्यातूनच हे पत्र लिहितोय.

सर छोटूराम 1881 साली सांपल्याजवळच्या गढीत, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या घरी जन्मले. शिक्षणासाठी उसने पैसे मागायला बाप पोराला घेऊन सावकाराकडे गेला, तर सावकाराने म्हाताऱ्याच्या हाती पंख्याची दोरी दिली आणि म्हणाला, ओढ. ही गोष्ट तिकडे पोराटोरांना पाठ आहे. पुढे तोच पोरगा वकील झाला, रोहतक जिल्हा काँग्रेसचा अध्यक्ष झाला, असहकार पटला नाही म्हणून 1920 मध्ये बाहेर पडला. 1923 मध्ये फजल-ए-हुसैन यांच्याबरोबर युनियनिस्ट पक्ष उभा केला. हिंदू, मुसलमान आणि शीख जमीनवाले एका पक्षात, आणि तेही त्या काळच्या पंजाबात (रोहतक तेव्हा पंजाबातच होतं)! इंग्रजांसाठी सैन्यभरती केली, 'सर' हा किताबही घेतला. त्यांना देव्हाऱ्यात बसवायची मला हौस नाही.

पण त्यांचं काम बघा. 1934 च्या कर्जनिवारण कायद्याने मुद्दलाच्या दुपटीवर वसुली थांबवली. आपण त्याला दामदुपट म्हणतो. 1938 मध्ये 8 जून 1901 पूर्वी गहाण पडलेल्या जमिनी सोडवण्याची वाट करून दिली आणि सावकाराला नोंदणी सक्तीची केली. 1939 च्या बाजार कायद्याने मंडीची समिती नेमली आणि तिच्यात दोन तृतीयांश जागा शेतकऱ्यांना दिल्या. व्यापारी त्यांना काळे कायदे म्हणत होते, शेतकरी सोनेरी. वकिलाचं डोकं आणि कुणब्याचा राग एकत्र आला की असं होतं. पैसा नेमका कुठल्या भोकातून गळतो ते या माणसाला ठाऊक होतं: मापात, कडत्यात (म्हणजे कट्ट्यामागे वजनातून होणाऱ्या कपातीत), खात्यावरच्या अंगठ्यात.

यात काळं काहीच नव्हतं असं मात्र नाही. युनियनिस्ट ज्या 1900 च्या जमीन हस्तांतरण कायद्याला छातीशी धरून होते, त्यात शेतकरी कोण हे जातीवरून ठरत होतं. दलितांना जमीन घ्यायची सोय राहिली नाही, यावर डॉ. आंबेडकरांनी बोट ठेवलं होतं. पश्चिम पंजाबातल्या बड्या जमीनदारांचंही त्यात भलं झालं. आणि 9 जानेवारी 1945 ला छोटूराम लाहोरात वारल्यावर साधारण वर्षभरात, 1946 च्या निवडणुकीत, पक्षाचा पार धुव्वा उडाला.

आता माझं गाऱ्हाणं.

मागच्या हंगामात मी सोयाबीन यार्डात नेलं. खरेदीदाराने एक दाणा दाताखाली धरला, कुडुम आवाज काढला आणि म्हणाला, "ओल आहे." हमीभावाच्या खरेदीला ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालतो हे मलाही माहीत आहे, म्हणून ओलावा मोजायचं यंत्र मागितलं. यंत्र बाजार समितीच्या कचेरीत कपाटात होतं आणि चावी शिपायाकडे. शिपाई लग्नाला गेला होता. मग ओलीचे गेले, मातेऱ्याचे गेले, कट्ट्यामागे कडता गेला, आणि पैसे लगेच हवेत म्हटल्यावर वटाव, म्हणजे रोखीची कपात, कापला. हिशोबपट्टीवर यातला कडता नाही, वटावही नाही. पट्टी अगदी स्वच्छ आहे, भिंतीवर लावावी अशी.

आपल्याकडे तर छोटूरामांपेक्षा जास्त झालंय. समितीच्या 18 संचालकांत 15 शेतकऱ्यांच्या बाजूचे. मग कपाट बंद कसं? उत्तर सोपं आहे: 11 जण गावोगावच्या सहकारी सोसायट्यांच्या संचालकांच्या मतांवर येतात, 4 ग्रामपंचायत सदस्यांच्या. माल घालणारा मी त्यात कुठेच नाही. 2017 मध्ये दहा गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्याला थेट मत दिलं होतं. माझ्या गावात त्यावर पैजा लागल्या होत्या, कोण किती खर्च करणार म्हणून. 2020 मध्ये ते मत काढूनही घेतलं. खर्च परवडत नाही, असं कारण ऐकलं. कोणाला, ते विचारायचं राहिलं.

सांपल्याच्या पुतळ्याला 2018 मध्ये हार घातले गेले. दोन वर्षांनी त्याच रस्त्यावर, टिकरीच्या सीमेवर, शेतकरी वर्षभर बसले. मंडी टिकावी म्हणून बसले होते. मी केंद्राच्या त्या तीन शेती कायद्यांच्या बाजूचाही नव्हतो आणि आजच्या यार्डाच्या बाजूचाही नाही. मला मंडी हवी, पण मंडीत मी हवा.

म्हणून दोनच मागण्या. माल घालणाऱ्याला मत परत द्या. सातबारा आणि त्या वर्षाची हिशोबपट्टी दाखवली की यादीत नाव. आणि पट्टीवर कडता, वटाव, ओल, सगळं छापायची सक्ती करा. जे कापायचंय ते कागदावर कापा.

यंदाचं सोयाबीन दसऱ्याच्या पुढेमागे निघेल. मताचं काम अधिवेशनाशिवाय होणार नाही, हे कळतं. तोवर निदान ते यंत्र कपाटातून काढून वजनकाट्याशेजारी ठेवायला सांगा. चावी माझ्याकडे दिली तरी चालेल.

आपला,
मराठवाड्यातला एक सोयाबीन उत्पादक