फाइलचं पूर्ण नाव दिसायलाच हवं

संपादक महोदय, नमस्कार.

कॉम्प्युटर क्लासमधे फोल्डरचा व्ह्यू बदलायला पहिल्याच दिवशी शिकवा, अशी कळकळीची विनंती आहे. विंडोजमधे एक्स्टेन्शन (नावात शेवटच्या टिंबानंतर येणारी, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं) मुळातच लपवलेलं असतं, त्यामुळे 'लाइटबिल.पीडीएफ.ईएक्सई' अशी व्हायरसवाली फाइल नुसती 'लाइटबिल.पीडीएफ' दिसते आणि माणूस बिनधास्त डबल क्लिक करतो, हे फार घातक आहे हो. विंडोज 11 मधे व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक केली की झालं. डिटेल्स व्ह्यूमधे, म्हणजे फाइली रकान्यांच्या यादीत दिसतात तिथे, डेट मॉडिफाइडवर (शेवटच्या बदलाची तारीख) क्लिक करून नवी फाइल वर आणता येते, हेही कित्येकांना कोणी सांगितलेलंच नसतं. आणि नावात तारीख टाकायची तर 2025-03-09 अशी, वर्ष आधी, म्हणजे नावाने लावल्या तरी क्रम बरोबर येतो, 09-03-2025 लिहिलं तर सगळी वर्षं एकमेकांत मिसळतात.

- एक वाचक