तेलाच्या डब्यातील फुटबॉल लिली

संपादक महोदय,

वसंतात फुलणाऱ्या कंदांनी घर सजवण्याची हौस आपल्याकडेही वाढते आहे; परंतु ट्यूलिपच्या कंदाला १२ ते १६ आठवड्यांची थंडी लागते, ती पुण्या-मुंबईच्या गॅलरीत कुठून मिळणार? त्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये फुलणारी फुटबॉल लिली कितीतरी सोशिक. गोडेतेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला तळाशी खिळ्याने पाच-सहा भोके पाडून, माती, शेणखत आणि थोडी वाळू भरून, कंदाचे टोक वर राहील असा तो आम्ही फेब्रुवारीत लावला आणि पाणी बेतानेच घातले. मेमध्ये शेकडो केसरांचा लालभडक गोळा उमलला! शेजारच्या लोणच्याच्या बरणीला मात्र भोक पाडता आले नाही, त्यामुळे तिच्यातील कंद कुजला.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे