विडी कामगार बायांना त्यांचं काम विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी निपाणीची, सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. "म्हणजे डॉक्टरीण होणार का गं?" असं गल्लीतल्या मावश्या अजून विचारतात. मी त्यांना सांगते, तुमच्यापैकी इतक्याजणींना एकच दुखणं का लागलंय, ते शोधायचं हा माझा अभ्यास.

ते दुखणं मी घरातच पाहत आले. आई मांडीवर सूप घेऊन बसते. सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात तेंदूची पानं. पत्र्याच्या मापानं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, टोक मुडपायचं, दोरा बांधायचा. दिवसभर मान खाली. स्वयंपाक त्याच खोलीत, लेकरं झोपतात तीही तिथंच. तंबाखूची धूळ नाकातोंडात जातेच, पण निकोटीन कातडीतूनही अंगात भिनतं. मळमळ, गरगरणं, डोकेदुखी त्यातूनही येते, आणि ती जन्मात विडी न ओढलेल्या बाईलाही सोडत नाही.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की सरकारी दवाखान्यात थुंकी तपासतात. ते योग्यच आहे, क्षयरोग त्याशिवाय सापडायचा नाही. पण क्षय नाही असं कळलं की औषधाची बाटली हातात देऊन बाईला घरी धाडतात. ती काम काय करते, किती वर्षं करते, हे विचारायचं राहून जातं. माझ्या आईला तर आजवर कुणीच विचारलेलं नाही. रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असं इटलीचे डॉक्टर बर्नार्डिनो रामाझिनी १७०० साली सांगून गेले आहेत!

निपाणीच्या तंबाखूवर बोललं गेलं नाही असं नाही. १९८१ मध्ये शेतकऱ्यांनी भावासाठी महामार्ग रोखला, सारा देश इकडं बघू लागला. वखारीतल्या बायाही मजुरीसाठी उभ्या राहिल्या. विडी कामगारांसाठी १९६६ साली खास कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधी आला. त्या निधीतून मुलांना शिष्यवृत्ती मिळते. आईच्या कामगार ओळखपत्रावर मीही ती घेतली, म्हणून हे पत्र लिहिण्याइतकी शिकले. मात्र निधीला पैसा पुरवणारा विड्यांवरचा उपकर २०१७ मध्ये जीएसटीच्या वेळी बंद झाला. आता सगळी भिस्त केंद्राच्या अंदाजपत्रकावर, आणि तिथं मागणी मांडायची तर आजाराचे आकडे लागतात. दवाखान्यात कामच लिहिलं जात नसेल तर आकडे आणायचे कुठून?

माझा प्रबंध याच विषयावर करायचं मी ठरवलं आहे. शिकून पुण्या-बेंगळुरूला नोकरी बघ, असं नातेवाईक म्हणतात. त्यांची काळजी मला कळते, पण मला निपाणी-चिकोडी भागातच काम करायचं आहे. इथल्या बाया मराठीत आणि कन्नडात, दोन्हीत दुखणं सांगतात, आणि मला दोन्ही समजतं.

तोवर जिल्हा आरोग्य खात्यानं एवढं तरी करावं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहीत कामाचा रकाना असावा आणि तो रोज भरला जावा. आशाताई गरोदर बाईची माहिती घेतात तेव्हा ती विड्या वळते का, तेही विचारावं. आणि विडी कामगार बायांच्या फुप्फुसांची वर्षातून एकदा फुंकणीच्या यंत्रावर तपासणी व्हावी, ती त्यांच्या गल्लीत येऊन. दवाखान्यात गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून त्या जायचं टाळतात.

आपली,
एक विद्यार्थिनी, निपाणी