चौथ्या सिलिंडरचा स्पार्क प्लग न बदलता पैसे घेणे, नंतर इंजिनाच्या हेडचे आटे बिघडवणे आणि त्याचा ठपका माझ्यावर ठेवणे याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

काल दुपारी आपल्या ग्राहक सेवा विभागातून मला फोन आला आणि तो संपल्यावर मी हे पत्र लिहायला बसलो. या एकाच प्रकरणातला तो सहावा फोन होता. यापुढे मी फोनवर बोलणार नाही. जे सांगायचे असेल ते मला लेखी कळवावे.

आपल्या गाडीच्या इंजिनाची रचना मी आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. पहिल्या तीन सिलिंडरचे प्लग बोनेट उघडताच हाताला लागतात आणि चौथा पुढच्या काचेखालच्या काउलच्या, म्हणजे आच्छादनाच्या, आत दडलेला असतो. त्याच्यापर्यंत नीट पोहोचायचे तर वायपरचे हात आणि काउलचे प्लास्टिक उतरवावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण अवघड नाही. ते टाळता यावे म्हणून ग्राहकाला फसवणे कोणत्याही कारणाने क्षम्य नाही.

४०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसिंगला मी गाडी आपल्या अंबड येथील अधिकृत केंद्रात दिली. बिलात चार प्लग आणि ते बदलण्याची मजुरी लावली होती, ती मी त्याच दिवशी भरली. काढलेले भाग परत मागण्याची माझी जुनी सवय आहे, त्यामुळे चार जुने प्लग एका पिशवीत घालून मला देण्यात आले. ती पिशवी मी तशीच डिकीत ठेवली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मुंबईहून परतताना कसारा घाटात चढावर गाडी मिस मारू लागली. मागे माझी मुलगी आणि दोन वर्षांची नात बसली होती, पाठीमागून ट्रकची रांग येत होती, आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लुकलुकत होता. हा दिवा नुसता लागून राहणे आणि लुकलुकणे यांत काय फरक आहे हे आपण जाणता. मिस मारणाऱ्या सिलिंडरमधले न जळलेले पेट्रोल थेट धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तो तापून कायमचा निकामी होऊ शकतो. मी घोटीपर्यंत अगदी सावकाश गाडी आणली आणि घरी पोहोचल्यावर ती पिशवी उघडली.

तीन प्लगना १६ मिलिमीटरचा पाना लागत होता आणि व्हर्नियरवर त्यांच्या आट्यांची लांबी २६.५ मिलिमीटर भरली. चौथ्याला २१चा पाना लागत होता आणि त्याचे आटे १९ मिलिमीटर लांब होते. आपल्या इंजिनात प्लगची विहीर, म्हणजे तो ज्यात उतरतो ती खोल नळी, इतकी अरुंद आहे की २१चा सॉकेट तिच्यात उतरतसुद्धा नाही. म्हणजे तो प्लग माझ्या गाडीचा नव्हताच. संख्या भरून काढण्यासाठी कोणत्या तरी दुसऱ्या गाडीचा प्लग माझ्या पिशवीत टाकला होता.

दुसऱ्या दिवशी केंद्रात स्कॅनर लावल्यावर पी०३०४ हा कोड आला, म्हणजे चौथ्या सिलिंडरचे मिसफायर. माझ्या आग्रहावरून काउल उतरवले तेव्हा आत जुनाच प्लग निघाला. ठिणगी पडते ती फट १.१ मिलिमीटर असायला हवी, ती झिजून माझ्या फीलर गेजवर १.५ भरली. 'मुलाकडून राहून गेलं असेल,' एवढेच मला सांगण्यात आले. राहून गेले असते तर पिशवीत तीन प्लग असायला हवे होते.

पण खरे नुकसान त्यानंतर झाले. मी गाडी नुकतीच चालवत आणली होती आणि इंजिन तापलेले होते. ॲल्युमिनियमचे हेड, म्हणजे ज्यात प्लग बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, थंड झाल्याशिवाय प्लग काढू नये, नाही तर त्याच्याबरोबर आटेही ओढले जातात, असे मी दोनदा सांगितले. ते कोणी ऐकले नाही. नवा प्लग बसवताना पहिले काही फेरे नुसत्या बोटांनी, एक्स्टेंशन सरळ धरून किंवा प्लगच्या टोकाला रबरी नळी लावून द्यायचे असतात. आटे वाकडे लागले तर नळी घसरते आणि हेड वाचते. इथे मात्र तिरक्या जोडावर रॅचेट लावून सुरुवातीपासूनच जोर दिला गेला. दीड फेऱ्यातच प्लग अडला. मी थांबा म्हणालो, तर मला काचेपलीकडे जाऊन बसायला सांगितले. दोन दिवसांत त्या प्लगपाशी कॉम्प्रेशन गळून टकटक आवाज येऊ लागला. प्लग पुन्हा काढला तेव्हा त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचा कीस अडकलेला होता. आता त्याच केंद्राने हेड उतरवण्याच्या कामाचे २८,५०० रुपयांचे अंदाजपत्रक माझ्या हातात दिले आहे.

कालच्या फोनवर आपल्या अधिकाऱ्याने सांगितले, 'गाडीचं काम बाहेर झालेलं दिसतं.' हे कोणी ठरवले, असे मी विचारले. 'आमच्या अहवालात तसं आहे.' तो अहवाल मला पाठवा, असे मी म्हणालो. 'तो अंतर्गत आहे.' दोन्ही जॉब कार्डे आपल्याच केंद्राची आहेत आणि त्यांवरच्या किलोमीटरमध्ये फक्त १,१०० चा फरक आहे, हे मी त्यांना वाचून दाखवले. त्यावर ते म्हणाले, 'काका, त्या प्लगपर्यंत हात नीट जात नाही, थोडंफार होतंच. तीन तर नवे आहेत ना?' पैसे चारांचे घेतले आहेत, असे मी म्हणालो. मग थोडे थांबून ते म्हणाले, 'तुमच्या वयाच्या लोकांना गाडी स्वतः खोलायची हौस असते, आम्हाला माहीत आहे.'

सातपूरच्या कारखान्यांत मी ३१ वर्षे फिटर म्हणून काम केले आहे. ॲल्युमिनियममध्ये टॅप मारताना, म्हणजे आटे पाडताना, हात किती हलका ठेवावा लागतो हे मी शिकाऊ मुलांना शिकवले आहे, आणि एखादा आटा बिघडला तर तो माझ्याकडून बिघडला असे पर्यवेक्षकासमोर कबूलही केले आहे. त्या इंजिनाला मी पाना लावलेला नाही. मी हेड बिघडवले असे म्हणणाऱ्या माणसाने ते पाहिलेलेही नाही, आणि त्याचे ते वाक्य मी विसरू शकत नाही. चार प्लगचे पैसे घेऊन तीनच बदलले, हे मी पुन्हा लिहितो, कारण सहा फोनमध्ये एकदाही कोणी त्याचे उत्तर दिले नाही.

आपल्या कंपनीची ही माझी दुसरी गाडी आहे. पहिल्या गाडीचे प्लग मी घराच्या अंगणात स्वतः बदलत असे, आणि त्या गाडीच्या भरवशावरच मुलाला हीच गाडी घ्यायला सांगितले होते. आता त्याला तसे सांगणार नाही.

चौथ्या प्लगची रक्कम व मजुरी मला परत मिळावी. हेडची दुरुस्ती कंपनीच्या खर्चाने व्हावी, आणि ती हेड उतरवूनच व्हावी. पिस्टन खाली घेऊन, टॅपच्या खाचांत ग्रीस भरून जागेवरच इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची बाही, बसवता येतो हे मला माहीत आहे, परंतु ज्या केंद्राने प्लग सरळ लावला नाही ते सिलिंडरमध्ये कीस पडू देणार नाही असा विश्वास मला उरलेला नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची तपासणी करून तिचा अहवाल द्यावा, आणि आटे माझ्यामुळे बिघडले हे विधान लेखी मागे घ्यावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये नाशिक जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार दाखल करीन. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा याच कायद्याने दिली आहे. बिल, दोन्ही जॉब कार्डे आणि प्लगची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. २१च्या पान्याचा तो प्लग मात्र मी पाठवत नाही. तो माझ्याच ताब्यात राहील.

आपला ग्राहक,
सातपूर कॉलनी, नाशिक