न्यूट्रिनो वेधशाळा : हो की नाही, ते एकदा सांगा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

चीनमधील 'जूनो' प्रयोगाने ऑगस्ट २०२५मध्ये नोंदी घ्यायला सुरुवात केल्यानंतर न्यूट्रिनो या जवळपास कशातूनही आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा अभ्यास करण्यासाठी भारताने योजलेल्या वेधशाळेचे, म्हणजे आयएनओचे, प्रयोजनच संपले, असे म्हणणे घाईचे ठरेल. न्यूट्रिनोंच्या तीन वस्तुमानांचा क्रम कोणता, म्हणजे त्यांतले हलके कोणते आणि जड कोणते, हा दोन्ही प्रयोगांपुढचा प्रश्न एकच असला, तरी वाटा निराळ्या आहेत. जूनो सुमारे ५३ किलोमीटर अंतरावरील अणुभट्ट्यांतून येणारे प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनोंचे प्रतिकण) २० हजार टन द्रवात टिपतो. आयएनओचा ५० हजार टन चुंबकित लोखंडाचा शोधक मात्र वैश्विक किरणांमुळे वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो पाहणार होता. लोखंडात न्यूट्रिनोमुळे ऋण, तर प्रतिन्यूट्रिनोमुळे धन म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) निर्माण होतो आणि चुंबकीय क्षेत्रात हे दोन्ही विरुद्ध दिशांना वळत असल्याने आलेला कण न्यूट्रिनो होता की प्रतिन्यूट्रिनो, हे तेथे ओळखता आले असते. आणि पृथ्वीच्या पोटातून येताना या दोहोंवर पदार्थाचा होणारा परिणाम सारखा नसल्यामुळे त्या फरकातूनच वस्तुमानांचा क्रम हाती लागण्याची शक्यता होती.

हे क्षेत्र आपल्याला नवखे नाही. वातावरणातील न्यूट्रिनोंच्या जगातील पहिल्या नोंदी १९६५मध्ये दोन सोन्याच्या खाणींत झाल्या. त्यांपैकी एक दक्षिण आफ्रिकेतील, तर दुसरी आपल्या कोलारची, जेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर काम करत होते. कोलारची खाण २००१मध्ये बंद पडली.

तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात बोडीच्या डोंगराखाली वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१५मध्ये मंजुरी दिली, पण प्रकल्प पर्यावरण परवान्यांत आणि न्यायालयांत अडकला. विरोधाचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे करायला हवेत. न्यूट्रिनोंमुळे अपाय होईल, ही भीती निराधार आहे; सूर्याकडून येणारे अब्जावधी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या नखाएवढ्या जागेतून एरवीही आरपार जात असतात. पश्चिम घाटात जवळपास दोन किलोमीटरचा बोगदा खणणे, त्यासाठी सुरुंग लावणे, आणि तेही वाघांच्या वावराच्या पट्ट्यात, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तमिळनाडू सरकारने २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयात याच मुद्द्यावर प्रकल्पास विरोध नोंदवला. पहिल्या भीतीला हसून दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर दिल्यासारखे होत नाही, हे विज्ञानप्रेमी मंडळींनीही (त्यांत मीही आलो) मान्य करावे.

या शोधकासाठी लागणारे कणवेधक कुलाब्याच्या टाटा संस्थेत विकसित झाले आणि ८५ टनांची छोटी प्रतिकृती मदुराईत उभी राहिली. एवढे झाल्यावर अणुऊर्जा विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने दुसऱ्या जागेचा विचार चालू आहे की प्रकल्प सोडला आहे, हे कारणांसह जाहीर करावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, ठाणे